नागपूरच्या मुख्याध्यापकांना अन् इतिहासाच्या सर-मॅडमना: कुरसुराची खरी गोष्ट मुलांना सांगा

आदरणीय मुख्याध्यापक, इतिहास शिकवणारे सर अन् मॅडम, आणि दरवर्षी सहलीची जबाबदारी घेणारे सगळे शिक्षक,

सप्रेम नमस्कार.

मी मानेवाड्यात राहते, घरी सातवी ते दहावीच्या ट्युशन घेते, माझी स्वतःची मुलगी नववीत आहे. हे पत्र कोणा एका शाळेला नाहीये, आपल्या सगळ्याच शाळांना आहे, कारण जे मी सांगणार आहे ते मी एकाच ठिकाणी पाहिलेलं नाही. विषय आहे आयएनएस कुरसुरा. विशाखापट्टणमच्या आरके बीचवर वाळूत उभी असलेली ती काळी सबमरीन, जिच्यासमोर आपल्या शाळांच्या सहलीचा ग्रुप फोटो निघतो अन् मग तो वर्षभर ऑफिसबाहेरच्या बोर्डावर लागलेला असतो.

आमच्या शेजारी एक काका राहतात, नेव्हीतून रिटायर झालेले. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. ते सबमरीनवर इलेक्ट्रिकल ब्रँचला होते अन् त्यातली काही वर्षं कुरसुरावर काढली, १९७१ नंतर बऱ्याच वर्षांनी. मागच्या ४ डिसेंबरला, म्हणजे नौदल दिनाला, त्यांना एका शाळेत पाहुणे म्हणून बोलावलं होतं, मीही गेले होते. सूत्रसंचालन करणाऱ्यांनी माईकवर सांगितलं की काकांनी ज्या कुरसुरावर नोकरी केली त्याच कुरसुराने ७१ च्या युद्धात पाकिस्तानची गाझी ही सबमरीन बुडवली. पोट्ट्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. काका उठले अन् हात हलवून म्हणाले, नाही जी, तसं नाही झालं, मी सांगतो. तर त्यांना सांगण्यात आलं की वेळ कमी आहे, पुढे डान्स आहे. शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला अन् झालं. परत येताना ते स्कूटरवर मागे बसले होते, पूर्ण रस्ता एक शब्द बोलले नाहीत. घराजवळ उतरल्यावर फक्त एवढं म्हणाले, "तिनं जे केलं ते तं कोणी सांगतच नाही, अन् जे नाही केलं त्याच्यासाठी टाळ्या."

म्हणून हे पत्र लिहितेय. त्या दिवशी त्यांना जे बोलू दिलं नाही ते मी नंतर त्यांच्या गच्चीवर बसून तासन् तास ऐकलं, जमेल तेवढं वाचून पडताळून पाहिलं, अन् आता तुमच्यासमोर ठेवतेय.

आधी साधा हिशोब. गाझी बुडाली ३ अन् ४ डिसेंबर १९७१ च्या मधल्या रात्री, विशाखापट्टणम बंदराच्या तोंडाशी, म्हणजे बंगालच्या उपसागरात. कुरसुरा त्या वेळी होती दुसऱ्या बाजूला, अरबी समुद्रात, गस्त संपवून मुंबईकडे परत येत होती, ४ डिसेंबरला मुंबईत पोचली. मध्ये अख्खा भारत आहे. नकाशा भिंतीवर लावलेला असतोच वर्गात, पट्टी ठेवून मुलांना दाखवता येईल.

मग कुरसुराने काय केलं? हेच मला सांगायचंय. तिने त्या युद्धात एकही जहाज बुडवलं नाही. अन् तरी तिची गोष्ट सांगण्यासारखी आहे, किंबहुना आठवी-नववीच्या मुलांना तीच जास्त सांगावी असं माझं ठाम मत आहे.

कुरसुरा नौदलात आली १८ डिसेंबर १९६९ ला, सोव्हिएत युनियनमध्ये रिगा बंदरात. आपल्या पहिल्या चार सबमरीनपैकी ती चौथी. कलवरी, खांदेरी, करंज अन् ही. (यातली खांदेरी म्हणजे आपल्या अलिबागजवळचा तोच जलदुर्ग, जो शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये बांधायला घेतला अन् इंग्रज, सिद्दी दोघांच्याही नाकावर टिच्चून उभा केला. महाराष्ट्रातल्या मुलांना निदान हे तरी माहीत असायला पाहिजे की त्या किल्ल्याच्या नावाची पाणबुडी आपल्याकडे होती, अन् आता त्याच नावाची नवीनही आहे.) सुएझ कालवा १९६७ पासून बंद होता, त्यामुळे रिगाहून निघालेली कुरसुरा आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आली, वाटेत घानाचं ताकोराडी, मग मॉरिशस, असं करत करत १९७० मध्ये घरी पोचली. दीड वर्षसुद्धा झालं नसेल धड रुळायला अन् युद्धाचे ढग आले.

नोव्हेंबर १९७१ च्या मध्यात ती अरबी समुद्रात आपल्या ठरलेल्या जागी गस्तीवर होती, कमांडर अरुण ऑडिटो तिचे कॅप्टन. आता यातली गंमत बघा, म्हणजे इतिहास शिकवताना वापरता येईल अशी गोष्ट आहे, त्याच दिवसांत, १४ नोव्हेंबरला, तिकडे गाझी कराचीहून निघाली होती आपल्या विक्रांत ह्या विमानवाहू जहाजाच्या शोधात. म्हणजे एकीकडे त्यांची बोट आपल्या पूर्व किनाऱ्याकडे निघालेली अन् दुसरीकडे आपली बोट त्यांच्या वाटेवर बसलेली. दोन्ही पाण्याखाली, दोन्ही गप्प, अन् युद्ध अजून सुरूच झालेलं नव्हतं. ते ३ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू झालं, पाकिस्तानने आपल्या विमानतळांवर बॉम्ब टाकले तेव्हा.

तर कुरसुराला हुकूम काय होते ते नीट ऐका. ठरवून दिलेल्या हद्दीबाहेर जायचं नाही. शत्रूची युद्धनौका असली तरी ती शत्रूचीच आहे याची पक्की ओळख पटल्याशिवाय टॉर्पेडो, म्हणजे पाण्याखालून जाऊन जहाज फोडणारं अस्त्र, सोडायचा नाही. अन् व्यापारी जहाजाला तर स्पष्ट हुकूम आल्याशिवाय हातच लावायचा नाही. कराचीच्या आसपासचा समुद्र म्हणजे जगभरच्या मालवाहू जहाजांचा, तेलाच्या टँकरचा रस्ता, कोणाचा झेंडा कुठला हे रात्री पेरिस्कोपमधून काय दिसणार? एक चुकीचा टॉर्पेडो गेला असता अन् भलत्याच देशाचं जहाज बुडालं असतं, तर बांगलादेशच्या बाजूने जग वळवायचा आपला जो प्रयत्न चालू होता तो तिथेच बसला असता. अन् हे सगळं पंचाहत्तर माणसांनी सांभाळलं, ज्यांच्याकडे २२ टॉर्पेडो होते, सोडायला १० नळ्या होत्या, सहा पुढे चार मागे.

३० नोव्हेंबरला समुद्रात कुरसुरा अन् करंजची भेट झाली, कुरसुराने पुढच्या सूचना करंजला दिल्या, करंज गस्तीला गेली अन् कुरसुरा परत फिरली. करंजचे कॅप्टन होते कमांडर विजयसिंह शेखावत, त्यांना वीरचक्र मिळालं अन् पुढे ते नौदलप्रमुख झाले. २०२१ च्या मार्चमध्ये मुंबईत नवीन करंज नौदलात आली तेव्हा जुन्या करंजचे हेच कॅप्टन प्रमुख पाहुणे होते. हे मी मुलांना सांगितलं तर एक पोरगी म्हणाली, मॅडम मग कुरसुराच्या लोकांना कोणी बोलावलं? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

आता मला सांगा, तीन आठवडे पाण्याखाली म्हणजे काय, हे आपण मुलांना कधी सांगतो का? मला काकांनी सांगितलं तेव्हा कळलं. बोट (ते सबमरीन म्हणतच नाहीत, बोट म्हणतात) लांबीला ९१.३ मीटर, म्हणजे रेल्वेचे चार डबे एकामागे एक ठेवा. पण त्यात निम्मी जागा इंजिन, बॅटरी, टॉर्पेडोने खाल्लेली. पाण्याखाली ती बॅटरीवर चालते, ४४८ सेल, एकेक सेल माणसाच्या छातीपर्यंत यावा असा. बॅटरी उतरली की चार्ज करायला डिझेल इंजिन चालवावं लागतं अन् इंजिनला हवा लागते, म्हणून रात्रीच्या अंधारात बोट वर यायची, पूर्ण नाही, फक्त एक नळी पाण्याबाहेर काढून. त्याला स्नॉर्ट म्हणतात. लाट आली की नळीच्या तोंडावरचा व्हॉल्व्ह फटकन बंद होतो, पण इंजिन तर चालूच असतं, मग ते बोटीच्या आतलीच हवा ओढायला लागतं अन् सगळ्यांच्या कानात दडे बसतात. व्हॉल्व्ह उघडला की मोकळे. परत लाट, परत दडे. रात्रभर. झोपलेल्या माणसालाही. काका आजसुद्धा गप्पा मारता मारता मध्येच जबडा हलवून कान मोकळे करतात, मला आधी वाटायचं दात दुखतात.

अन् गरमी. ह्या बोटी थंड समुद्रासाठी बनवलेल्या, आपल्या समुद्राचं पाणी कोमट. नागपूरच्या माणसाला हे समजावायला वेळ लागत नाही. मे महिन्यात दुपारी लाईट गेली, कूलर बंद पडला, खिडक्या बंद, अन् त्याच खोलीत शेजारी कोणी तीन ट्रकचं इंजिन चालू करून ठेवलंय असं समजा. गोडं पाणी मोजून, आंघोळ नाही, अंगाला डिझेलचा वास तो घरी आल्यावरही आठ-पंधरा दिवस जात नाही. काकू सांगतात की पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा सासूबाईंनी कपडे दोनदा सोड्यात उकळले.

काकांकडे एक शर्ट आहे, जुना, पांढरा सुती, त्यांनी ट्रंकेतून काढून दाखवला. उजेडासमोर धरला तर पोटाजवळ बारीक बारीक छिद्रं, चाळणीसारखी. बॅटरीच्या ॲसिडचे थेंब. बॅटरीच्या खणात उताणं सरपटत जायचं, एकेका सेलमधल्या ॲसिडची डेन्सिटी मोजायची, डिस्टिल्ड वॉटर टाकायचं, वहीत लिहायचं, पुढचा सेल. वर छत नाकाला लागेल इतकं जवळ. चार्जिंगच्या वेळी बॅटरीतून हायड्रोजन निघतो, तो हवेत ४ टक्क्यांच्या वर गेला की एक ठिणगी पुरते. म्हणून तिथे घड्याळ नाही, अंगठी नाही, खिशात नाणं नाही. काका म्हणाले, "टॉर्पेडोवाल्यायले लोक विचारतात. आमाले कोणी विचारत नाही. पण बॅटरी गेली तं बोट म्हंजे लोखंडाची पेटी." मी तो शर्ट हातात घेतला तेव्हा खरंच बोलता आलं नाही काही.

आता गाझीबद्दल, कारण ते सोडून चालणार नाही. गाझी मुळात अमेरिकेची बोट, डायब्लो नावाची, १९४५ मध्ये त्यांच्या नौदलात आलेली, १९६४ मध्ये पाकिस्तानला लीजवर दिली. लांब पल्ल्याची ती एकच त्यांच्याकडे होती, म्हणून लंकेला वळसा घालून आपल्या पूर्व किनाऱ्यापर्यंत आली. आपल्या पूर्व किनाऱ्याच्या नौदलाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल कृष्णन यांनी विक्रांत विशाखापट्टणमलाच आहे असं भासवलं, खोटे सिग्नल पाठवले, अन् विक्रांत लांब अंदमानकडे हलवून ठेवलेली. आपल्या बाजूचं म्हणणं असं की आपली युद्धनौका आयएनएस राजपूत बंदराबाहेर पडताना कॅप्टन इंदर सिंग यांना पाण्यात हालचाल दिसली, त्यांनी डेप्थ चार्ज, म्हणजे पाण्याखाली फुटणारे बॉम्ब, टाकले अन् त्यात गाझी गेली. पाकिस्तानचं म्हणणं असं की ती स्वतःच पेरत असलेल्या सुरुंगाने किंवा आतल्या स्फोटाने बुडाली. जाणकारांमध्ये हायड्रोजनच्या स्फोटाचीही चर्चा होते. ही दोन्ही-तिन्ही मतं मुलांसमोर ठेवा ना. दहावीचं पोरगं एवढं समजू शकतं की एकाच घटनेबद्दल दोन देश दोन गोष्टी सांगतात अन् पुरावा समुद्राच्या तळाशी आहे. हाच तर इतिहास शिकवायचा असतो. एका सिनेमात काही दाखवलं म्हणून ते भाषणात येतं, भाषणातून हस्तलिखितात, हस्तलिखितातून पुढच्या वर्षीच्या भाषणात, अन् मग ते पोट्टं आयुष्यभर तेच सांगत फिरतं.

अन् अजून एक. गाझीवर नव्वदहून जास्त माणसं होती, कोणी वाचलं नाही. काका त्यांच्याबद्दल बोलताना आवाज खाली घेतात. त्यांच्यातही बॅटरीवाले होते, म्हणतात. तसंच आपल्या खुखरी ह्या युद्धनौकेबद्दल, ९ डिसेंबरला दीवच्या समुद्रात पाकिस्तानच्या हंगोर सबमरीनने ती बुडवली, १८ अधिकारी अन् १७६ नौसैनिक गेले, कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून आले नाहीत. एका सबमरीनने काय होऊ शकतं ते आपण त्या रात्री सोसलंय. कुरसुरासारख्या बोटीत श्वास रोखून बसलेल्या माणसांच्या हातात तीच ताकद होती, अन् त्यांनी ती ओळख पटल्याशिवाय वापरली नाही. यात कमीपणा काय आहे? हे सांगायला आपल्याला लाज का वाटते की तिने कोणाला बुडवलं नाही?

पुढचं थोडक्यात सांगते. मधली काही वर्षं तिची अवस्था अशी होती की स्पेअर पार्ट मिळेनात म्हणून तिचेच भाग काढून दुसऱ्या सबमरीनना लावले, म्हणजे स्वतः बंद राहून बाकीच्यांना चालवलं. मग रिफिट, म्हणजे मोठी दुरुस्ती, होऊन ती परत समुद्रात गेली. २७ फेब्रुवारी २००१ ला निवृत्त झाली, ३१ वर्षं अन् ७३,५०० नॉटिकल मैल, म्हणजे पृथ्वीला तीन फेऱ्या मारून वर थोडं. मग तिला आरके बीचवर आणलं, ते काम दीड वर्ष चाललं, साडेपाच कोटी लागले, ऑगस्ट २००२ मध्ये म्युझियम म्हणून उघडली. निवृत्त झाली तरी झेंड्यांनी जहाज सजवायचा मान, जो फक्त चालू जहाजांना असतो, तो नौदल तिला अजून देतं. इथे आपल्या राज्यात विक्रांत वाचवता आली नाही, २०१४ मध्ये ती भंगारात गेली, हे मला अजून टोचतं. कुरसुरा वाचली आहे, उभी आहे, आपण तिथे बसेस भरभरून जातोही, अन् तरी पाहत नाही.

दोन वर्षांआधी मुलीच्या सहलीसोबत मी पालक म्हणून गेले होते तिथे. वेळापत्रकात सबमरीनला अर्धा तास, त्यात रांग. मुलं पुढच्या टॉर्पेडो रूममधून आत शिरली अन् "चला चला, पुढे व्हा" करत मागच्या बाजूने बाहेर. आत गाईड होते, नेव्हीतलेच रिटायर्ड माणूस, ते एका मुलाला सांगत होते की ह्या बंकवर एक उठला की दुसरा झोपायचा, गादी गारच व्हायची नाही. तेवढ्यात शिट्टी वाजली. त्या माणसाचं वाक्य अर्धं राहिलं. नंतर तीच मुलं बीचवर दोन तास शंखांच्या माळा घेत होती. मी तेव्हा काही बोलले नाही, बोलायला पाहिजे होतं.

तर माझं तुम्हाला हात जोडून सांगणं आहे. सहलीत कुरसुराला पूर्ण सकाळ द्या, वीस-वीसची बॅच करा, एक बॅच आत असताना बाकीच्यांना त्याच रस्त्यावरचं ७१ च्या युद्धाचं स्मारक अन् समोरचं टीयू-१४२ विमान दाखवा, म्हणजे कोणी उन्हात ताटकळणार नाही. जायच्या आधी वर्गात एक तास नकाशा काढून ह्या बोटीचा नोव्हेंबर ७१ समजावून सांगा. गाईडना बोलू द्या, मुलांना प्रश्न लिहून न्यायला लावा. अन् ४ डिसेंबरच्या भाषणांतून ते एक वाक्य काढून टाका, कुरसुराने गाझी बुडवली हे. एवढं तरी यंदाच करा, त्याला पैसे लागत नाहीत. ८ डिसेंबरला सबमरीन दिवस असतो, १९६७ मध्ये त्या तारखेला आपली पहिली कलवरी नौदलात आली होती, नौदल दिनाला वेळ नसला तर त्या दिवशी परिपाठात दहा मिनिटं द्या.

आपल्या शहरापासून समुद्र कुठल्याही बाजूने शेकडो किलोमीटर लांब आहे, मला माहीत आहे. काकासुद्धा इथलेच, फुटाळ्याच्या तलावात पोहायला शिकलेले, समुद्र पहिल्यांदा पाहिला तो भरतीनंतर. त्यांच्यासारखे अजूनही असतील आपल्या गल्ल्यांमध्ये, विचारून बघा, तुमच्याच शाळेतल्या कोण्या पोराचे आजोबा निघतील.

काका यायला तयार आहेत. मी विचारलं. मानधन नको, शाल नको, नारळ नको. तासभर माईक पाहिजे अन् एक फळा, म्हणाले, अन् पहिल्या ओळीत मुलं बसवा, सर लोक मागे बसले तरी चालेल. तो शर्ट पण आणतील. दिवाळीनंतर सहलीच्या मीटिंग सुरू होतात, त्याआधी कळवा म्हणजे तारखा जुळवता येतील, शनिवार सकाळ त्यांना बरी पडते.

अन् सहलीला निघालात तर मुलांना एवढं सांगून ठेवा, बोटीतल्या एका खणातून दुसऱ्या खणात जायची दारं गोल अन् लहान आहेत, वरची दांडी दोन्ही हातांनी धरायची, आधी पाय टाकायचे, मग डोकं. काकांनी मला गच्चीच्या दारात करून दाखवलं, ह्या वयात, एका झटक्यात.

आपली नम्र,
एक पालक अन् ट्युशनवाल्या मॅडम
मानेवाडा, नागपूर